मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर किती, वेळ किती, आणि हा हिशोब घरच्या घरी कसा काढायचा

मुंबई ते न्यूयॉर्क किती तास लागतात असं सर्च केलं की एका साइटवर साडेतेरा-चौदा तास दिसतात, दुसरीकडे सोळा, तिसरीकडे बावीस, आणि तिकिटावर बघावं तर रात्री दीडला निघून सकाळी सातच्या आत पोचतंय, म्हणजे साडेपाच तासच लागतात की काय असं वाटतं. गंमत म्हणजे हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा असतो. कुठला सरळ रेषेतल्या अंतराचा, कुठला गेट ते गेट वेळेचा, कुठला मधल्या थांब्यासकट, आणि तिकिटावरचा तर दोन वेगवेगळ्या देशांच्या घड्याळांचा.

अंतर बदलत नाही, वेळ बदलते. दिशेप्रमाणे, महिन्याप्रमाणे, कुठलं आकाश बंद आहे त्याप्रमाणे. म्हणून कुणीतरी सांगितलेला एक आकडा पाठ करण्यापेक्षा तो काढायचा कसा हे एकदा समजून घेतलेलं बरं, मग मुंबई-टोरोंटो असो नाहीतर पुण्याहून कनेक्शन घेऊन सिडनी असो, दहा मिनिटांत हिशोब होतो. घरातून आई-बाबा पहिल्यांदाच इतक्या लांब निघाले असतील तर त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, तिकडे घ्यायला येणाऱ्याची सुट्टी, पुण्याहून निघायची वेळ, सगळं याच हिशोबावर अवलंबून असतं, त्यामुळे मी उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचंच घेतोय.

पायरी १: आधी एअरपोर्ट नक्की करा, शहर नाही

न्यूयॉर्कला जायचं म्हणजे नेमकं कुठे? जेएफके एअरपोर्ट शहराच्या एका टोकाला, आणि नेवार्क एअरपोर्ट तर नदीपलीकडे न्यू जर्सीत. हवेत दोघांत फारसा फरक नाही, मुंबईपासूनचं अंतर जवळपास सारखंच. पण आपली बरीचशी मराठी मंडळी न्यू जर्सीतल्या एडिसन गावात आणि आसपास राहतात, त्यांना नेवार्क जवळ आहे आणि जेएफके म्हणजे अख्खं न्यूयॉर्क शहर ओलांडायचं, ट्रॅफिकमध्ये दोन तासही जातात. तिकीट दोन-तीन हजारांनी स्वस्त म्हणून जेएफके घेतलं आणि नंतर टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट घातले असं व्हायला नको.

इकडेही आता तेच आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली, त्यामुळे तिकिटावर नुसतं मुंबई वाचून गाडी सांताक्रूझ-अंधेरीकडे वळवू नका, तीन अक्षरी कोड बघा. बीओएम म्हणजे जुनं, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. पुणे-मुंबईच्या डोमेस्टिक कनेक्शनमध्ये दोन एअरपोर्ट वेगळे आले तर मधला रस्ता आणि बॅगा दोन्ही तुमच्या गळ्यात.

पायरी २: अंतर काढा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर

सोपा मार्ग असा की कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडायचा, मुंबई एअरपोर्टवर राईट क्लिक करून मेझर डिस्टन्स (अंतर मोजा) घ्यायचं आणि मग जेएफकेवर क्लिक करायचं. ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइटही आहे, तिथे नुसते दोन कोड टाकले की रेषा आणि अंतर दोन्ही येतं. पण एकदा तरी हाताने करून बघा असं मी म्हणेन, कारण मग तो आकडा कुठून येतो ते कळतं आणि पुढचं सगळं सोपं जातं.

लागतात फक्त चार आकडे. मुंबई एअरपोर्ट: अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. जेएफके: अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम. आता पूर्व म्हणजे अधिक आणि पश्चिम म्हणजे उणे धरायचं, म्हणजे रेखांशांतला फरक ७२.८७ अधिक ७३.७८, बरोबर १४६.६५ अंश. (दोन्ही गावं एकाच बाजूला असतील, म्हणजे मुंबई-टोकियोसारखं, तर बेरीज नाही, वजाबाकी.)

सूत्र हे असं:

कॉस(अंतर) = साइन(अक्षांश१) × साइन(अक्षांश२) + कॉस(अक्षांश१) × कॉस(अक्षांश२) × कॉस(रेखांशांतला फरक)

दहावी-बारावीचं त्रिकोणमिती आठवून घाबरू नका, नुसते आकडे टाकायचे आहेत. मोबाईल आडवा केला की बऱ्याच फोनमध्ये सायंटिफिक कॅल्क्युलेटर येतो, त्यात डिग्री मोड आहे ना ते आधी बघा, रेडियनवर असेल तर उत्तर काहीच्या काही येतं आणि माणूस सूत्रालाच दोष देत बसतो.

पहिला भाग: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०
दुसरा भाग: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०
बेरीज: −०.३८६०

याचा उलटा कॉस, म्हणजे कॉसच्या डोक्यावर −१ लिहिलेलं बटण असतं ते दाबायचं, येतात ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर, म्हणून ११२.७ × १११.२, आलं १२,५३० किलोमीटर. मैलांत हवं तर १.६०९ ने भागा, ७,७९० च्या आसपास. वैमानिक आणि विमानाच्या दुनियेतले लोक नॉटिकल मैलांत बोलतात, तिथे १.८५२ ने भागायचं, सुमारे ६,७७०. परदेशी साइटवरचा आकडा वाचताना कुठले मैल आहेत ते जरूर बघा, या दोन मैलांमधल्या गोंधळाने हजार आकड्यांचा फरक पडतो.

साइटवर तुमच्या उत्तरापेक्षा थोडं जास्त-कमी दिसलं तर काळजी नको. आपण पृथ्वी अगदी गोल धरली, खरी पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. आणि एक झटपट तपासणी लक्षात ठेवा: पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरहून लांब असूच शकत नाहीत, कारण अर्धा परीघच तेवढा आहे. उत्तर त्याच्यापुढे गेलं तर कुठेतरी गुणाकार चुकलाय.

ही रेषा जाते तरी कुठून?

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून खरंच त्या रेषेवरून गेलं तर अंतर होतं १४,२०० किलोमीटर, म्हणजे आपल्या आकड्यापेक्षा साडेसोळाशेहून जास्त. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो.

मी या रेषेवरची ठिकाणं गणिताने काढली आणि मला ते काम फार आवडतं. मुंबईहून विमानाचं नाक चक्क उत्तर-वायव्येला असायला हवं, मग बलुचिस्तान, कंदाहारच्या जवळून, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशियात सारातोव्हच्या आसपास, पुढे सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने, फिनलंड-स्वीडनमधली खाडी, नॉर्वेचं ट्रॉन्डहाइम, आइसलँड, ग्रीनलँडचं खालचं टोक, कॅनडातलं लॅब्रेडॉर, मग अमेरिकेच्या मेन राज्यावरून खाली न्यूयॉर्क. सर्वांत वर ही रेषा जवळपास ६५ अंश उत्तरेला पोचते. खिडकीतून बर्फ दिसला म्हणून आई घाबरून फोटो पाठवेल तेव्हा तिला सांगता यायला हवं की मार्ग चुकलेला नाही, हाच जवळचा रस्ता आहे.

पायरी ३: कागदावरची रेषा आणि खरा रस्ता

आता इथे खरी मेख आहे. वर जी सुंदर सरळ रेषा सांगितली ती सध्या कुठल्याच नॉनस्टॉप फ्लाइटला पूर्ण मिळत नाही. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि मग ती बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. (२०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं.) अमेरिकन कंपन्यांना पाकिस्तानची बंदी नाही, पण त्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे, आणि भारतीय कंपन्यांना रशिया उघडा आहे. म्हणजे एकाला सुरुवातीलाच अडवलंय आणि दुसऱ्याला मध्येच, वळसा दोघांनाही.

वळसा किती पडतो तेही याच सूत्राने काढता येतं, मधला एक बिंदू घ्यायचा आणि दोन तुकड्यांत अंतर मोजायचं. समजा विमान मुंबईहून अरबी समुद्रावरून मस्कतपाशी गेलं आणि तिथून वर वळलं. मुंबई-मस्कत साधारण १,५९०, मस्कत-जेएफके ११,३२५, एकूण १२,९१५. म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त ३८५ किलोमीटर जास्त, पंचवीस मिनिटांचं काम! मुंबईच्या पश्चिमेला लगेच समुद्र मोकळा असल्याने आपल्याला हे तुलनेने स्वस्तात सुटतं, दिल्लीवाल्यांना मात्र आधी खाली गुजरातकडे यावं लागतं, त्यांना हा फटका फार मोठा बसला, २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही फ्लाइट इंधनासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगनला थांबवाव्या लागल्या. आणि मस्कतनंतर इराण येतो, जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात तेही आकाश काही दिवस बंद होतं, तेव्हा सगळ्यांचीच गणितं बिघडली.

म्हणून माझी पद्धत अशी: सरळ अंतरात ५ टक्के वाढवायचे. वळसे, एअर ट्रॅफिकचे ठरलेले मार्ग, वादळ टाळणं, सगळं त्यात आलं. १२,५३० चे झाले साधारण १३,१५०. बातम्यांत कुठलं आकाश बंद असल्याचं दिसलं तर ८ टक्के धरा. फार बारीक आकडेमोड करून उपयोग नाही, कारण रोजचा मार्ग रोजच्या वाऱ्याप्रमाणे ठरतो.

पायरी ४: अंतराचे तास करा

बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखी लांब पल्ल्याची विमानं वर गेल्यावर आवाजाच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पट वेगाने जातात, त्या उंचीवरच्या थंड हवेत हे ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतं. १३,१५० भागिले ९०० म्हणजे १४.६१ तास. इथे बरेच जण घसरतात, १४.६१ म्हणजे १४ तास ६१ मिनिटं नव्हे, दशांशाला ६० ने गुणायचं, ०.६१ × ६० म्हणजे ३७ मिनिटं. तर १४ तास ३७ मिनिटं.

यात अजून ३५ मिनिटं घाला. गेटवरून मागे सरकणं, रनवेपर्यंत रांगेत जाणं, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, गर्दीच्या वेळी रांग लागतेच. जेएफकेलाही संध्याकाळी निघणाऱ्या विमानांची लाईन बघण्यासारखी असते. तिकिटावरची वेळ ही गेट ते गेट असते, चाकं जमिनीवरून सुटल्यापासूनची नाही, आणि कंपन्या त्यात थोडा राखीव वेळही घालतात, म्हणून कधी कधी उशिरा सुटलेलं विमानसुद्धा वेळेवर पोचतं.

पायरी ५: वारा, ज्याच्याशिवाय सगळं गणित फुकट

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी का, याचं उत्तर बरेच जण पृथ्वी फिरते म्हणून असं देतात. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. खरं कारण आहे जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात नेमकं तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो कारण ध्रुवाकडची आणि खालची हवा यांच्या तापमानातला फरक वाढतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर नेहमीचं, कधी तीनशेच्या वर.

किती फरक पडतो? फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं लंडनला निघालेलं एक विमान अमेरिकेत पेनसिल्व्हेनियावर असताना जमिनीच्या हिशोबाने ताशी ८०१ मैलांवर पोचलं, म्हणजे जवळपास १,२९० किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग नेहमीचाच, बाकीचं वाऱ्याने ढकललं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत गेलं, एरवी सहा-साडेसहा तास लागतात.

वाऱ्यापायी लांबचा रस्ताच लवकरचा ठरतो याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये तीच पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर वाढून १५,३०० झालं, आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला! चौदाशे किलोमीटर जास्त उडून दोन तास आधी. अंतरावरून वेळ ठरते असं समजणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

मुंबई-न्यूयॉर्कसाठी पूर्ण मार्गाची सरासरी धरायची, कारण वारा सगळीकडे सारखा नसतो, उत्तरेच्या मार्गावर बराच वेळ तो आडवाच असतो. मी वर्षाची सरासरी म्हणून जाताना ताशी ४० समोरून आणि येताना ४० मागून धरतो.

जाताना: १३,१५० भागिले ८६०, म्हणजे १५ तास १७ मिनिटं, अधिक ३५, एकूण १५ तास ५० मिनिटांच्या आसपास.
येताना: १३,१५० भागिले ९४०, म्हणजे १४ तास, अधिक ३५, एकूण १४ तास ३५ मिनिटं.

सव्वा तासाचा फरक नुसत्या वाऱ्याचा. डिसेंबर-जानेवारीत ४० ऐवजी ६० धरून बघा, फरक अजून वाढतो.

आणि पडताळा हवाच. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ती फ्लाइट प्रत्यक्ष किती वाजता सुटली, किती वाजता उतरली, कुठल्या मार्गाने गेली हे सगळं दिसतं. आपला हिशोब त्याच्याशी अर्ध्या तासाच्या फरकात जुळला तर काम झालं. जुळला नाही तर नकाशावरचा मार्ग बघा, कुठेतरी मोठा वळसा असणार.

पायरी ६: दोन देशांची घड्याळं

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, वर्षभर. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणून आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, २०२६ साठी ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. या तारखांच्या आसपास प्रवास असेल तर जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

गोंधळ टाळायचा एकच रामबाण उपाय: पोचेपर्यंत घड्याळ भारताचंच ठेवायचं, आणि अगदी शेवटी एकदाच वजा करायचं. समजा १० जानेवारीला पहाटे १:३० ला निघालो. १५:५० मिळवले, भारताच्या घड्याळात १० तारखेचे संध्याकाळचे ५:२०. त्यातून १०:३० वजा, न्यूयॉर्कला सकाळचे ६:५०, तारीख १० च. जुलैमध्ये हीच फ्लाइट इतकाच वेळ घेऊन गेली तर ७:५० ला.

परत येताना उलट. २४ जानेवारीला न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघालो, १४:३५ मिळवले, न्यूयॉर्कच्या घड्याळात २५ तारखेचे पहाटेचे २:०५, अधिक १०:३०, मुंबईत २५ तारखेला दुपारी १२:३५. येताना एक तारीख जाते, म्हणून सुट्टी मोजताना हा दिवस धरायचाच.

थोडं विषयांतर, पण सांगतोच. जानेवारीतली ही जातानाची फ्लाइट अख्खी अंधारात होते. मुंबईत ९ तारखेला सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर तिथल्या ७:२० च्या आसपास उगवतो, म्हणजे तुमच्यासाठी साडेतेवीस तासांची रात्र. जूनमध्ये याच उत्तरेच्या मार्गावर खिडकीबाहेर धड अंधारच पडत नाही. डोळ्यांवरची पट्टी उन्हाळ्यात विसरू नका.

पायरी ७: १० तारीख, पहाटे १:३० म्हणजे कधी?

याला वेगळी पायरी मुद्दाम केली. आपल्याकडून अमेरिका-युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १० जानेवारी ०१:३० लिहिलंय म्हणजे एअरपोर्टवर ९ तारखेच्या रात्री पोचायचं. १० तारखेला दिवसभर बॅगा भरून रात्री निघणाऱ्या माणसाचं विमान चोवीस तास आधीच गेलेलं असतं. कॅलेंडरवर, फ्रीजवरच्या चिठ्ठीवर, फॅमिली ग्रुपवर सगळीकडे "९ तारखेला रात्री साडेनऊला एअरपोर्टवर" असंच लिहा, १० हा आकडा कुठे येऊच देऊ नका. ड्रायव्हरलाही तारीख सांगताना वार सांगा.

पायरी ८: मध्ये थांबा असलेली तिकिटं

लोकांना वाटतं वन-स्टॉप म्हणजे लांबून जाणं. मोजून बघा. मुंबई-दुबई १,९२५ आणि दुबई-जेएफके ११,०००, एकूण १२,९२५. मुंबई-लंडन ७,२१० आणि लंडन-जेएफके ५,५४०, एकूण १२,७५०, म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त सव्वादोनशे जास्त! अंतराने काहीच बिघडत नाही, वेळ खातो तो थांबा, आणि दोनदा चढणं-उतरणं. प्रत्येक तुकड्याला वेगळी ३५ मिनिटं धरायची आणि वर लेओव्हर मिळवायचा, मग तीन तासांचा थांबा असला तरी एकूण एकोणीस-वीस तास होतातच, सहा तासांचा असला तर बावीस-तेवीस.

तिकीट बघताना मी लेओव्हर दोन तासांपेक्षा कमी घेऊ देत नाही, ज्येष्ठ असतील तर तीन. सगळं एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान लेट झाल्यावर पुढची सोय एअरलाइन करते, दोन वेगळी तिकिटं स्वस्तात जोडली असतील तर पुढचं तिकीट बुडालं ते तुमचंच. व्हीलचेअर मागितली असेल तर ती दोन्ही तुकड्यांवर नोंदवलीय का हे फोन करून विचारा. अबू धाबीहून जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर रांग नाही, पण अबू धाबीत त्यासाठी जादा वेळ हवा, दीड तासाचा लेओव्हर तिथे घेऊ नका. आणि न्यूयॉर्कहून पुढे शिकागो, डॅलस वगैरे जायचं असेल तर पहिल्या अमेरिकन एअरपोर्टवर बॅगा घेऊन परत टाकाव्या लागतात, मुंबईत टॅग शेवटपर्यंतचा लावला असला तरी बहुतेक वेळा हे करावंच लागतं.

पायरी ९: दारापासून दारापर्यंत

कोथरूडहून एडिसन, नॉनस्टॉप, जेएफकेमार्गे, असं धरू. एक्सप्रेसवेने मुंबई चार तास, घाटात अडकलो तर म्हणून अजून एक, पाच. एअरपोर्टवर चार तास आधी. फ्लाइट १५:५०. इमिग्रेशन आणि बॅगा दीड ते दोन तास. गाडीने एडिसन दीड तास. एकूण अठ्ठावीस तासांच्या आसपास. पहाटे १:३० ची फ्लाइट असेल तर पुण्यातून दुपारी साडेचारला निघालंच पाहिजे. पावसाळा असेल तर तीनला निघा, घाटाचा भरवसा नाही.

डॉक्टरांना हा अठ्ठावीसचा आकडा सांगा, सोळाचा नाही. इन्सुलिन किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचा तो दिवस साडेचौतीस तासांचा होतो, सकाळची गोळी नेमकी कधी घ्यायची हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, भारतीय वेळेत लिहून घ्या, आणि औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. पायांना सूज येणाऱ्यांनी आइल सीट घ्यावी आणि दर दोनेक तासांनी उठून चालावं.

प्रवासाच्या दिवशी

घ्यायला जाणाऱ्याने तिकिटावरची वेळ बघून निघू नये. विमान सुटल्यावर तासाभराने फ्लाइटरडारवर बघा, तिथली पोचायची वेळ त्या दिवशीच्या मार्गावर आणि प्रत्यक्ष वेगावर काढलेली असते, आणि दर थोड्या वेळाने ती सुधारत जाते. समुद्रावर किंवा बर्फाळ भागात ठिपका मध्येच दिसेनासा झाला तर घाबरू नका, तिथे जमिनीवरचे रिसीव्हर कमी असतात, थोड्या वेळाने परत दिसतो. न्यूयॉर्कजवळ येऊन विमान गोल गोल फिरताना दिसलं तर उतरायला रांग आहे इतकंच, पंधरा-वीस मिनिटं वाढवा. विमान जमिनीला टेकल्यापासून बाहेर यायला सव्वा ते दोन तास लागतात, त्यामुळे एडिसनहून जेएफकेला जाणाऱ्याने विमान उतरल्याचा मेसेज आल्यावर निघालं तरी बहुतेक वेळा पुरतं, पण आई-बाबा पहिल्यांदाच येत असतील तर तासभर आधीच जाऊन उभे राहा, आणि त्यांचा भारतातला फोन तिकडे चालणार नसेल तर कुठल्या टर्मिनलच्या कुठल्या दाराशी भेटायचं ते कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला सांगा, म्हणजे व्हीलचेअर ढकलणाऱ्यालाही दाखवता येतं.